या आठवड्याची आई

४ मार्च

ताई,

हातातला चष्मा खाली ठेव आणि आधी बस. चष्म्याच्या दुकानात समोर गिऱ्हाईक असेल तर त्याला थांबव. आपलं घर टीव्हीवर येतंय!

चॅनलच्या बाईंकडे मी तीन गोष्टी घेऊन गेलो होतो. तिन्ही त्यांनी जांभया देत ऐकल्या. उठता उठता मी सहज म्हणालो, "आमच्याकडे दर रविवारी आई बदलायची." बाई परत खुर्चीत बसल्या. मग मी सुटलोच. वडिलांनी पहिली असताना दुसरी घरात आणली, पुढं दोघींना टाकून स्वतःच पसार झाले. आता या एकमेकींच्या झिंज्या उपटतील म्हणून शेजारीपाजारी वाट बघत बसले, तर यांनी एकत्र संसार मांडला. दवाखान्याच्या लाँड्रीतली एकच नोकरी दोघींत वाटून घेतली. एक आठवडा मोठी आमची आई: स्वयंपाक, अभ्यास, औषध, धपाटे, सगळं तिच्याकडे. तेव्हा लहानी कामावर जायची आणि आम्ही तिला मावशी म्हणायचं. रविवारी उलट. कोण कोणाच्या पोटचं हे आम्ही विचारायचं नाही, त्यांनी सांगायचं नाही. बाईंनी डोळे मोठे केले. "मग तुम्ही नक्की कोणाचे?" म्हटलं, "कुठल्या आठवड्यात विचारताय त्यावर आहे." बाई टेबलावर डोकं टेकून हसल्या. 'या आठवड्याची आई' हे नाव तिथंच पक्कं झालं.

आता तुझी मदत हवी. तुझी आठवण माझ्यापेक्षा शंभरपटीनं चांगली. जुन्या गमती लिहून पाठव, आणि फोन करू नकोस, आपल्याकडे फोनला दोघींचे कान चिकटलेले असतात. त्यांना सध्या काही बोलू नकोस. मी येऊन सांगेन.

तुझा टिल्या

११ मार्च

टिल्या,

बसले. मग उठले, आणि परत बसले. विचारायची काही पद्धत असते रे. घर काय तुझ्या एकट्याचं आहे?

गप्प राहणं मला जमलं नाही. तुझं पत्र आलं त्याच दिवशी सांगून टाकलं. मला वाटलं घर डोक्यावर घेतील. लहानीनं एकच विचारलं, माझं काम कोण करणार, ती गोरी आहे का. मोठीला काळजी वेगळीच. म्हणाली, "लाँड्री दाखवणार असतील तर मशीन नीट दाखवा म्हणावं. उगाच चार कपडे दोरीवर टाकायचे आणि लाँड्री म्हणायचं, असं नको." तेव्हापासून रस्त्यात जो भेटेल त्याला सांगतायत, आमचा मुलगा आमच्यावर लिहितोय.

गंमत हवी ना तुला? तू पहिलीत असताना शाळेनं आईला बोलावलं होतं. शनिवारी निरोप आला, सोमवारी जायचं होतं. मधे रविवार आला आणि आई बदलली. आता जायचं कोणी? चूक झाली तेव्हाच्या आईनं की आताच्या? शेवटी दोघी गेल्या आणि बाईंसमोर एकमेकींना म्हणायला लागल्या, "तुझ्या आठवड्यात बिघडला." बाईंनी हात टेकले.

हे घे. पण एक ऐक. लोकांना हसव, त्यांना हसू नकोस. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तुला त्यातला फरक कळतो असं समजून लिहितेय.

ताई

२२ एप्रिल

टिल्या,

तीन भाग झाले, तुझा फोन नाही, पत्र नाही. म्हणून मीच लिहिते.

पहिल्या भागाला समोरच्या घरातली, वरच्या मजल्यावरची, झाडून सगळी माणसं आली. खुर्च्या कमी पडल्या. लहानीनं केस धुतले होते. पडद्यावर मोठी आली ती दोन्ही हातांत पाव घेऊन आणि दारात अडकली. हशा. मग लहानी आली, आरशात बघत बघत टेबलाला धडकली. पुन्हा हशा. आमच्या खोलीतली माणसं आधी आमच्या तोंडाकडे बघत होती, टीव्हीतली हसल्यावर मग तीही मोकळेपणानं हसली. सगळ्यांत जोरात मोठी हसली. तिला वाटलं, आपण हसलो नाही तर तुला वाईट दिसेल.

मुलगी म्हणजे मी, हे कळायला मला वेळ लागला. लग्न न झालेली, जाड भिंगांची, येईल त्या पुरुषाच्या नाकाचं माप घेणारी. बरं. माझं राहू दे.

आता दवाखान्यात नर्सा विचारतात, "आज कामावर कोण, खादाड का नटवी?" लहानीनं आरसा काढून कपाटात ठेवला. ते एक वेळ ठीक. पण मोठी चारचौघांत जेवेनाशी झालीय. ताटावर बसते, दोन घास चिवडते आणि भूक नाही म्हणते. परवा मी दुकानातून लवकर आले तर बाथरूमच्या बंद दाराआड खुडबुड. ती आत उभ्यानं बिस्किटं खात होती. नळ सोडून, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. टिल्या, या बाईनं आपल्याला आधी वाढून उरेल ते खाल्लंय. तिच्या हातातले ते पाव काढ.

ताई

२९ एप्रिल

ताई, माझी सोन्यासारखी ताई,

तुझं पत्र मी सेटवर सगळ्यांना वाचून दाखवलं. दिग्दर्शक जमिनीवर लोळायचा बाकी होता. नळ सोडून! अगं, हे माझ्या बापाला सुचलं नसतं. असलं काही खोलीत बसून लिहिता येत नाही, ते घरातच घडावं लागतं.

तू उगाच मनाला लावून घेतेस. मोठी हसली ना? मग झालं तर. हसण्याचं म्हणशील तर ते सगळं आमच्या आवाजवाल्याच्या हातात असतं. त्याच्याकडे तीन प्रकारचा हशा भरून ठेवलाय: फिस्सकन, खो खो, आणि टाळ्यांसकट. मोठीला बहुतेक वेळा टाळ्यांसकट मिळतो. तिला सांग, तीच आमची हिरॉईन आहे.

हातातले पाव काढले. आता ती बाथरूममध्ये खाईल. लिहीत राहा ग, तुझ्यावाचून माझं घोडं अडतं.

टिल्या

१६ मे

टिल्या,

बाथरूमचा भाग बघितला. शेजारची माणसं हल्ली येत नाहीत, आम्ही तिघीच होतो. नळाचा आवाज सुरू झाला तशी मोठीनं माझ्याकडे बघितलं. कारण ते फक्त मला माहीत होतं. त्या दिवसापासून तोंड धुवायला गेली तरी दार उघडं ठेवते, सगळ्यांना दिसेल असं.

तिचे ब्लाउज मी दोनदा आत घेतलेत. इस्त्रीच्या मशीनसमोर तिला घेरी आली, तर लाँड्रीतले साहेब म्हणाले, "हिला कोणीतरी पाव द्या." माणूस वाईट नाही. तुझ्या मालिकेतलं वाक्य आहे ते, त्याला वाटलं तिलाही आवडत असेल.

मी तक्रार लिहायची आणि तू त्याचा भाग करायचा. मी आजारपण लिहिलं तर तू आजारपणावर हसवशील. कोणी मेलं तर तिरडी दारात अडकवशील. म्हणून हे शेवटचं पत्र. यातलंही काही वापरलंस तर तुझं तोंड बघणार नाही.

ताई

२४ मे

ताई,

रागावलीस. कबूल, तुझा हक्क आहे. तुझं पात्र जरा मोठं करतो, मग तर झालं?

आता खरं सांगतो. मालिका गळ्याशी आलीय. लोक बघत नाहीत. चॅनलच्या बाई आधी "तुमचं घर, तुमचं घर" करायच्या, आता मी समोर दिसलो की फोन कानाला लावतात. तेरापैकी दहाच भाग होणार. दहावा दोन आठवडे थांबून लावू, तो दणदणीत झाला तर पुन्हा विचार करू म्हणाल्या, नाहीतर राम राम. हे पडलं तर या धंद्यात मला परत कोणी दारात उभं करणार नाही. इथं एकदा पडलेल्या माणसाकडे चहावालासुद्धा बघत नाही.

बाईंना शेवटच्या भागात एकच गोष्ट हवीय. कोण कोणाचं? लोकांनी इतके आठवडे विचारलंय, आता उत्तर द्या. मी काहीतरी बनवून लिहीन, पण बनवलेलं हल्ली मला जमत नाही ग. खरं काय ते कळलं तर एका बैठकीत लिहून होईल. मोठी माझ्या वाऱ्याला उभी राहणार नाही. तुला सांगेल. एकदा विचार. लहानपणापासून हात जोडून मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही.

टिल्या

२ जून

टिल्या,

विचारलं. तुझ्यासाठी नाही. तुझं पत्र आल्यापासून मलाच चैन पडेना.

चादरींच्या घड्या घालत होतो, दोन टोकं मोठीकडे, दोन माझ्याकडे. मी विचारलं तशी तिनं हातातली घडी पुरी केली. मग खालच्या आवाजात सांगितलं, आणि सांगून झाल्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवून वचन घेतलं की हे बाहेर जाणार नाही. ते वचन मी अर्धं मोडतेय.

आपल्या दोघांतलं एक या दोघींपैकी कोणाच्याच पोटचं नाही.

दवाखान्यात एक बाई बाळंत झाली आणि मूल पाळण्यात ठेवून निघून गेली. अनाथाश्रमाची माणसं न्यायला यायची होती. लहानी स्वच्छ कपडे द्यायला वर गेली होती, तिनं ते बघितलं आणि घरी येऊन मोठीला म्हणाली, "आपण आणू या का?" वडील नुकतेच गेले होते, घरात खायची मारामार. तरी आणलं. रीतसर, सही-शिक्के करून. मग या दोघींनी ठरवलं की कोण कोणाचं हे या घरात निघताच कामा नये. आठवड्या-आठवड्यानं आई बदलायची ती तेव्हापासून. त्या पोराला कधी परकं वाटू नये, आणि दुसऱ्याला जास्त हक्काचं वाटू नये, म्हणून. सगळा घाट एवढ्यासाठी घातला. तू ज्यावर नऊ आठवडे हसवलंस ते हे.

हे फक्त तुला सांगितलंय. टीव्हीसाठी नाही. वाच, आणि काही विचारायचं असेल तर मला विचार. मी वाट बघते.

ताई

६ जून

ताई,

बिचारी ताई! खरंच गलबलून आलं वाचताना. पण इतकं शांतपणे लिहिलंस म्हणजे तू पचवलंयस. तुझ्यात ती ताकद आहेच.

खरं सांगू? मला लहानपणापासून वाटायचं. तुझी ती उंची, ते कान, तो तासन्‌तास गप्प बसायचा स्वभाव, आमच्यात कोणाचाच नाही. म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. मला तू ताईच.

आता वाईट वाटून घेऊ नकोस, पण भाग लिहून झालाय. एका बैठकीत! टीव्हीसाठी नाही असं म्हणतेस, पण अगं, असली गोष्ट कोणी लेखकाला सांगतं आणि वर वापरू नको म्हणतं का? पाळणा काढून टाकला. मुलगी लाँड्रीत मळक्या चादरींच्या गाठोड्यातून निघते. दोघी आया भांडतात, "तू ठेव", "नको, तूच ठेव". मुलगा सोफ्यावर पाय पसरून म्हणतो, "म्हणजे हे घर माझं एकट्याचं!" आणि शेवटी मोठी, तोंडात घास: "आता काय करायचं ग, परत द्यायची मुदत संपली!" तालमीतच आवाजवाला म्हणाला, टाळ्यांसकट.

परकं वाटू नये वगैरे जे आहे ते गाळलं. फार रडकं होत होतं.

तुझा (अजूनही) भाऊ,
टिल्या

१९ जून

ताई,

काल शेवटचा भाग लागला. बघितलास ना? फोन उचलत नाहीस. चॅनलच्या बाईंनी पाठ थोपटली, म्हणाल्या हा एक भाग आधी दिला असता तर मालिका वाचली असती. पुढचं मात्र काही बोलल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत सेट मोडून झाला, आपला तो सोफाही कोणीतरी नेला.

दोघी काय म्हणाल्या? रागावल्या असतील तर तू जरा समजूत घाल. तुझ्यावर लिहिलं म्हणून त्यांना वाईट वाटलं असणार, पण तुझी हरकत नाही असं तू सांगितलंस तर निवळेल. दोन ओळी तरी पाठव.

टिल्या

२३ जून

टिल्या,

दोन ओळींत मावणार नाही. लांबलचक होईल.

तो तू आहेस.

पाळण्यात ठेवून दिलेलं मूल तू. मी मुद्दाम नाव लिहिलं नव्हतं. मला बघायचं होतं, तू विचारतोस का. "ताई, कोण ग? मी का तू?" एवढंच. मी रोज पत्राची वाट बघितली. वाटलं होतं, हे कळल्यावर कुठल्याही माणसाला आधी पायाखालची जमीन चाचपावीशी वाटेल. तुला शंकासुद्धा आली नाही. वडील गेल्यानंतर आणलेलं मूल, आणि वडील गेले तेव्हा मी चालत होते, बोलत होते. एवढा साधा हिशेब होता, पण तुला तेवढी सवड नव्हती. तू थेट माझे कान मोजायला बसलास.

मी कोणाची ते मी अजूनही विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

आता शेवटच्या भागाचं. आम्ही तिघींनी बघितला. गाठोडं उघडलं तशी लहानी उठून उभी राहिली. संपल्यावर तिनं मला विचारलं, "तूच सांगितलंस ना त्याला?" मी हो म्हटलं. या वयात तिनं मला थोबाडीत मारली. बरोबर केलं तिनं.

मोठी जागची हलली नाही. तिला मालिका वेगळीच दिसली. तिला वाटतंय, तुला सगळं कळलं, आणि तुझं दुःख तुला सरळ सांगता येईना म्हणून तू ते मुलीच्या तोंडी घातलंस. "लाज वाटली असेल ग त्याला. म्हणून ताईच्या नावावर घालून स्वतःचं सांगतोय." तेव्हापासून एकच वाक्य तिच्या तोंडी आहे, परत द्यायची मुदत संपली. "आपण असं कधी वाटू दिलं का ग त्याला? माझ्या आठवड्यात का तुझ्या?" असं लहानीला विचारते. खादाड, नळ, पाव, सगळं तिनं माफ करून टाकलंय. म्हणते, आत एवढं खदखदत असेल तर माणूस कडू बोलणारच. लहानीलाही आता ते पटलंय.

तू ते माझ्यावर लिहिलंस, मला हसायला लिहिलंस, हे त्यांना मी सांगितलेलं नाही. तुझं सहा तारखेचं पत्र जाळून टाकलं. तुझ्यावर दया म्हणून नाही. मोठीच्या अंगात आता आणखी एक धक्का सोसायची ताकद उरलेली नाही म्हणून.

आणि दोघी तुझ्याकडे निघाल्यात. मी अडवून बघितलं. आमचं पोर तिथं एकटं रडत असेल, म्हणतात. लाँड्रीतल्या साहेबांनी दोघींना एकदम सुट्टी दिली, असं आजवर झालं नव्हतं. मोठीनं तुझ्यासाठी स्वेटर घेतलाय, तू किती जाड झालायस याचा अंदाज नसल्यानं मोठ्या मापाचा.

हे पत्र मी मोठीच्याच पिशवीत दिलंय, बंद पाकिटात. तीच तुझ्या हातात देईल. म्हणजे आत्ता तू हे वाचतोयस तेव्हा त्या दोघी समोर उभ्या आहेत आणि तुझ्या तोंडाकडे बघतायत. तोंड सांभाळ. तुला रडू येत असेल तर येऊ दे, त्या त्याचा चांगलाच अर्थ लावतील. येत नसेल तर आण. त्या जवळ घेतील तेव्हा अंग चोरू नकोस. जन्मभर आता तुला हेच करायचंय, त्यांना वाटतंय तसा मुलगा होऊन राहायचंय, आणि तू तसा नाहीस हे फक्त मला माहीत असणार आहे.

मोठी विचारेल, ताईनं एवढं काय लिहिलंय. खुशाली लिहिलीय म्हण.

ताई